पहिली फुल मॅरेथॉन, नऊ आठवडे आणि दुखरा डावा गुडघा

प्रश्न एका बाईंचा, थोडक्यात असा: वय ३९, राहायला ठाण्यात, बँकेत नोकरी. दोन हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) झाल्या, त्यातली दुसरी सप्टेंबरात साताऱ्याला. जानेवारीत मुंबईला पहिली फुल (४२ किलोमीटर), हातात नऊ आठवडे. दिवाळीच्या गडबडीत दोन आठवडे धावणं जवळपास बंद होतं. ते भरून काढायला गेल्या रविवारी येऊरच्या डोंगराचा चढ-उतार धरून २४ किलोमीटर केले. सोमवारपासून डावा गुडघा पुढच्या बाजूने, वाटीच्या आसपास दुखतो. जिना उतरताना आणि खुर्चीतून उठताना जास्त. सूज नाही. ग्रुपमधले म्हणतात नीकॅप घालून चालू ठेव. डॉक्टर मैत्रीण म्हणते सहा आठवडे पूर्ण बंद. सासूबाई म्हणतात, या वयात पळून गुडघे झिजवून घेशील. एमआरआय करावा का, आणि जानेवारी सोडून द्यावा का?

जानेवारीचा निर्णय आज घेऊ नका. येत्या रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, मात्र आजच रद्द करा. मी बावीस वर्षं दादरला फिजिओथेरपी करतो, स्वतः धावतो, आणि दर वर्षी दिवाळी ते जानेवारी या दिवसांत नेमका हाच गुडघा माझ्याकडे येतो. माणूस वेगळा, गुडघा तोच. तुमचा गुडघा मी हाताने तपासलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही दिलेल्या वर्णनावर आधारलेलं आहे. त्यात एक जरी गोष्ट जुळत नसेल तर प्रत्यक्ष दाखवा.

आधी काय नाही ते तपासून घेऊ, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर एक-दोन तासांत गुडघा टम्म सुजला, तर आत रक्त साचलेलं असू शकतं आणि लिगामेंटची, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची, शंका घ्यावी लागते. गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळच होत नाही, किंवा चालताना दगा देतो, तर मेनिस्कस म्हणजे सांध्यातली गादी तपासावी लागते. चार पावलंही वजन टाकून चालता येत नसेल, गुडघा काटकोनात वाकत नसेल, किंवा थेट वाटीच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे हवा. गुडघा लाल आणि गरम झाला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि एक प्रकार असा, ज्यात धावणारे हमखास फसतात: एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची जागा, रात्री झोपेतही ठणका, त्या पायावर एक उडी मारली की जीव जातो. हा हाडावरच्या ताणाचा इशारा असतो. दुखणं जांघेत असेल तर तो आणखी गंभीर. तिथे ‘थोडं सहन करून धावू’ हा विचारच चालत नाही.

तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. वाटीभोवतीचं पसरट दुखणं, बोट एका जागी टेकवता येत नाही, जिना उतरताना जास्त, बराच वेळ बसून उठताना पहिली दोन पावलं नकोशी. तीन तासांचा सिनेमा संपल्यावर पाय झटकत उभे राहणारे लोक बघा, त्यांचं हेच दुखणं. वाटी आणि मांडीचं हाड यांच्यातला जो सांधा, त्याची ही कुरकुर आहे. धावणाऱ्यांत गुडघ्याचं याहून सामान्य दुखणं नाही. याचा सख्खा शेजारी म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं, आयटी बँडचं (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या पट्ट्याचं) दुखणं. ते साधारण ठरावीक अंतराला सुरू होतं, चौथ्या किंवा सहाव्या किलोमीटरला, आणि उतारावर वाढतं. तुमचं पुढच्या बाजूला आहे, म्हणून ते बाजूला ठेवतो.

वाटी म्हणजे विहिरीवरची कप्पी समजा. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा दोर तिच्यावरून जातो आणि नडगीला बांधलेला असतो. दोर ओढला, गुडघा वाकलेला असला, की कप्पी मागच्या खाचेत दाबली जाते. सपाट चालताना हा दाब साधारण शरीराच्या वजनाइतका असतो, जिन्यावर तिपटीच्या आसपास, आणि धावताना पाचपट. उतारावर तर मांडीचा स्नायू ब्रेकचं काम करतो, ताणला जात जात शरीराला आवरून धरतो. येऊर चढताना छाती फुटते म्हणून आपण चढाला घाबरतो, पण गुडघ्याचा हिशोब येऊर उतरताना चुकता होतो. साताऱ्यालाही यवतेश्वरचा घाट चढून आल्यावर लोक उतारावर सुटतात आणि दोन दिवसांनी मला फोन करतात.

आता तो रविवार पुन्हा बघा. दिवाळीआधीच्या महिन्यात तुमचा सर्वांत लांब रन किती होता? तुम्ही लिहिलेलं नाही, पण हाफनंतर फुलची तयारी नुकतीच सुरू झालेल्या माणसाचा तो बहुधा १६-१७ असतो. मग दोन आठवडे जवळजवळ शून्य. आणि एकदम २४, तेही डोंगरावर. शिवाय त्या दोन आठवड्यांत गुडघे काही पाटावर बसून नव्हते. फराळासाठी तासन्‌तास उभं राहणं, माळा आवरणं, फरशी पुसणं, आणि उकिडवं बसून दोन-दोन तास रांगोळी. गुडघा पूर्ण दुमडलेला असतो तेव्हा वाटीवरचा दाब सर्वाधिक गटात मोडतो. हे मी नेहमी विचारतो आणि पेशंट नेहमी म्हणतात, ‘त्याचा काय संबंध?’

‘दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये’ हा नियम तुम्ही ऐकला असेलच. गंमत अशी की नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर हा नियम तपासला गेला, २००८ साली निष्कर्ष आले, आणि नियम पाळणाऱ्या व न पाळणाऱ्या दोन्ही गटांत दुखापतीचं प्रमाण सारखंच निघालं, साधारण पाचांत एक. मग २०२५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ५,२०० धावपटूंच्या घड्याळातल्या नोंदी तपासल्या. त्यातून दिसलं ते मला जास्त पटतं: आठवड्याची बेरीज किती वाढली यापेक्षा, एकच रन गेल्या तीस दिवसांतल्या तुमच्या सर्वांत लांब रनपेक्षा किती मोठा होता, यावर धोका ठरत होता. दहा टक्क्यांच्या पुढे उडी गेली की धोका चढला, आणि अंतर दुपटीच्या वर गेलं की सर्वाधिक. तुमची १६ वरून २४ ही उडी पन्नास टक्क्यांची आहे. आठवड्याची बेरीज पाहिली असती तर ती दिवाळीआधीसारखीच दिसली असती, म्हणून ग्रुपमध्ये कोणाच्या डोळ्यांत आली नसेल.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांनी आपल्या पिढीत झिजलेले गुडघे पाहिलेले आहेत. पण ते पळून झिजलेले नव्हते. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण साडेतीन टक्के होतं, आणि न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. व्यावसायिक पातळीवर वर्षानुवर्षं घासणाऱ्यांमध्ये मात्र तेरा टक्क्यांच्या आसपास, तेही लक्षात ठेवा. तुमच्या जास्त जवळचा अभ्यास लंडनमधला आहे. पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या, सरासरी चव्वेचाळीस वर्षांच्या ८२ लोकांचे दोन्ही गुडघे तयारीआधी आणि मॅरेथॉननंतर एमआरआयमध्ये पाहिले. मुख्य सांध्याच्या कुर्चेखालच्या (कुर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) हाडातल्या आधीपासूनच्या खुणा बऱ्याच जणांत सुधारल्या. वाटीमागची कुर्चा काहींमध्ये थोडी बिघडलेली दिसली, पण त्यांना त्रास जाणवत नव्हता. म्हणजे तयारीत कुरकुरणारा भाग वाटीचाच असतो, हे तिथेही दिसलं. सासूबाईंना हाडातल्या सुधारणेचं वाक्य सांगा, वाटीचं स्वतःजवळ ठेवा.

एमआरआय आत्ता नको. त्याच लंडनच्या गटाने गुडघ्याची काहीही तक्रार नसलेल्या ११५ बैठ्या माणसांचे २३० गुडघे तपासले होते. ९७ टक्के गुडघ्यांत काही ना काही ‘दोष’ सापडला. तुमचाही सापडेल. मग रिपोर्टमधला तो लांबलचक शब्द रात्री मोबाईलवर शोधाल, आणि दुखण्यापेक्षा भीतीने गुडघा आखडेल. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा असतील, किंवा नीट हिशोबाने सहा आठवडे करूनही काहीच फरक पडला नाही, तर करू.

सहा आठवडे पूर्ण बंद हा सल्ला मी का देत नाही? मैत्रिणीची काळजी खरी आहे. पण या दुखण्यात पूर्ण विश्रांतीने दुखणं जातं आणि ताकदही जाते. मग सातव्या आठवड्यात त्याच गुडघ्यावर, कमी झालेल्या मांडीनिशी, घाईघाईने अंतर चढवलं जातं आणि तेच दुखणं परत येतं. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये २०१८ साली हेच दुखणं असलेल्या ६९ धावपटूंचे तीन गट केले होते. एकाला फक्त भार कसा सांभाळायचा हे शिकवलं, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले, तिसऱ्याला भार सांभाळण्यासोबत धावण्याची ढब बदलायला शिकवली. आठ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. हे वाचल्यावर व्यायाम शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला चार दिवस बरं वाटलं नाही, पण त्यानंतर मी पहिल्या भेटीत व्यायामाचा कागद देणं सोडलं आणि वही द्यायला लागलो.

वहीत रोज एकच आकडा लिहायचा: सकाळी उठल्यावर पहिला जिना उतरताना गुडघा शून्य ते दहांपैकी किती दुखला. लिफ्ट असेल तरी एक मजला पायीच उतरा. रनच्या दिवशी दुसरा आकडा, धावताना जास्तीत जास्त किती दुखलं. धावताना तीनपर्यंत चालेल. चार-पाच झालं की चालायला लागा, आणि चालूनही उतरलं नाही तर रिक्षा करा, त्यात लाज नाही. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिन्यावर लागतो. आकडा कालच्याइतकाच किंवा कमी असेल, तर काल जे केलं ते गुडघ्याला परवडलं, पुढच्या वेळी थोडं वाढवा. वाढला असेल तर पुढचा रन कालच्यापेक्षा लहान. धावताना अंग गरम असतं, उत्साह असतो, सोबत मंडळी असतात; त्या वेळी गुडघा काय सांगतो ते पुरतं ऐकूच येत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण ‘धावताना तर काहीच दुखत नव्हतं’ हे वाक्य निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून सांगतात.

पहिले दोन आठवडे असे काढा. आठवड्यात तीन रन, सपाटीवर. उपवन तलावाभोवती फेऱ्या मारा, येऊरकडे वळू नका. चार ते सहा किलोमीटर, चार मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं. रस्त्याचा एका बाजूला कललेला भाग टाळा. एक मोजमाप करा: तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा, चारने गुणा. ही मिनिटाची पावलं. समजा १६० आली, तर वेग तोच ठेवून १६८ ते १७२ करायचा प्रयत्न करा, म्हणजे पाच ते साडेसात टक्के जास्त. पाऊल आपोआप आखूड पडतं, टाच शरीरापासून फार पुढे पडत नाही, आणि गुडघ्याने सोसायचा भार कमी होतो. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे टिक-टिक ठेका देणारं, ॲप मिळतं. सुरुवातीला वाळूवरून चालणाऱ्या बदकासारखं वाटेल. पोटऱ्या भरून येतील, कारण भार कुठेतरी जाणारच. पूर्ण रन असा करू नका, सुरुवातीला एक-एक मिनिट.

या दोन आठवड्यांत घरातलं वाकणंही मोजा. फरशी लांब दांड्याच्या मॉपने पुसा, मांडी घालून जेवायची सवय असेल तर काही दिवस खुर्ची घ्या, बँकेत अर्ध्या तासाने एकदा उठून पाय सरळ करा. वज्रासन आणि खोल बैठका थोड्या थांबवा. हे कायमचं नाही. गुडघा शांत झाला की मांडी घाला, उकिडवे बसा, उलट बसायलाच हवं.

दम टिकवायला सायकल चालवा, सीट जरा उंच ठेवून, म्हणजे गुडघा कमी दुमडतो. किंवा तरणतलावात पोहा. दोन आठवड्यांत तुमचा दम फारसा कुठे जात नाही. दिवाळीत गेला असं वाटलं होतं, पण चिवडा-लाडूंनी दम जात नाही, फक्त पहिले तीन किलोमीटर जड जातात.

आता व्यायाम. क्यूबेकचा अभ्यास माहीत असूनही मी ते देतो, कारण त्या लोकांना आठ आठवड्यांनी ४२.१९५ किलोमीटर धावायचं नव्हतं. तुम्हाला पस्तिसाव्या किलोमीटरनंतर लागणारी मांडी आत्ता बांधायची आहे. चारच गोष्टी, आठवड्यातून तीनदा, धावण्याच्या दिवशीच संध्याकाळी, म्हणजे मधले दिवस खरी विश्रांती मिळते.

खुर्चीवर बसणं-उठणं: हात छातीशी, बसताना मनातल्या मनात चारपर्यंत मोजत सावकाश. आठ वेळा, तीन फेऱ्या. सोपं झालं की पाठीवर सॅक घ्या, आत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या, पहिल्या आठवड्यात दोन, मग चार, मग सहा. पायरी उतरणं: दुखरा पाय पायरीवर, दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली टेकवून परत वर. आरशासमोर करा. गुडघा आत, अंगठ्याकडे ढळत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. जाड पुस्तकांचा गठ्ठाही चालतो, पण घसरणार नाही असा. तिसरा कुल्ल्यांसाठी: पाठीवर झोपून, एक पाय दुमडून कंबर उचलणं, आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. चौथा पोटरीचा: पायरीच्या कडेवर एका पायाने टाचा वर-खाली, पंधरा-पंधरा. या सगळ्यांना जिन्याचाच नियम. करताना तीनपर्यंत दुखलं तर हरकत नाही, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नको. पहिलवानांच्या बैठका मला मनापासून आवडतात, पण त्या मार्चमध्ये.

नीकॅपबद्दल थोडक्यात. तिने काही बिघडत नाही, ऊब मिळते, गुडघ्याला कोणीतरी धरलंय असं वाटतं. वाटीला चिकटवायच्या टेपने काहींना पहिले काही दिवस चांगला आराम पडतो आणि तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतात. दोन्हीपैकी काही घालून अंतर वाढवायचं मात्र नाही. बर्फाबद्दल लोक मला धर्मसंकटात टाकतात. विश्रांती, बर्फ, दाब, उंची हे चौघांचं सूत्र १९७८ साली गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलं, आणि साडेतीन दशकांनी त्यांनी स्वतःच म्हटलं की बर्फाने बरं व्हायला उशीर होऊ शकतो. तुम्हाला सूजच नाही, त्यामुळे हा वाद तुमचा नाही. दहा मिनिटं लावून बरं वाटत असेल तर लावा. बाम लावा, तेल लावा, घरच्यांनी प्रेमाने चोळलं तर चोळून घ्या. हाडवैद्याकडून कडाकड मोडून मात्र घेऊ नका.

वेदनाशामक गोळ्यांवर जरा थांबतो, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घाटातल्या शर्यतीच्या सकाळी, गुडघ्याची बाहेरची बाजू दुखत असताना, मी गोळी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिलो. फिजिओथेरपिस्ट असून. उतारावर काहीच दुखलं नाही, वेळही चांगली आली. रात्री जेवून उठलो तर भिंत धरून मोरीपर्यंत जावं लागलं, आणि पुढचे सात आठवडे गेले. गोळीने गुडघा बरा होत नाही, जिन्यावरचा आकडा तेवढा खोटा येतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या, घाम गाळणारं शरीर आणि चार-पाच तासांची धाव हे एकत्र आलं की मूत्रपिंडांवर ताण येतो. सोबत पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरण्याचाही धोका. लाँग रनच्या आणि शर्यतीच्या दिवशी या गोळ्या नकोत. एरवीही, डॉक्टरांनी दिली तर त्यांनी सांगितलेले दिवसच.

बुटांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सध्याचे बूट सुखाचे असतील तर तेच ठेवा. नवे घ्यायचेच असतील तर आत्ता घ्या, शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नको.

आणखी एक, जे बायका सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. धावायला लागल्यापासून जेवण तोडलंय का, पाळी अनियमित झालीय का? तसं असेल तर हाडांचा प्रश्न वेगळा उभा राहतो, तो गुडघ्याआधी बघायला हवा. आता मार्गशीर्ष येतो आहे. गुरुवारचे उपवास धरत असाल तर जरूर धरा, फक्त व्यायाम आणि मधला मोठा रन मंगळवार-बुधवारवर ढकला, आणि शनिवारी रात्री पोटभर भात खाऊन झोपा. साबुदाण्यावर लाँग रन होतो, पण तयारी भरून निघायला प्रथिनं लागतात, ती साबुदाण्यात जवळजवळ नसतात.

आता उरलेल्या आठवड्यांचं गणित. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. पहिला रविवार लाँग रनशिवाय, दुसरा १० किलोमीटर. जिना शांत असेल तर तिसरा १४, चौथा १८, पाचवा २१, सहावा २४, सातवा २७. आठव्याला पुन्हा १४, नवव्याला शर्यत. वर मी दहा टक्क्यांच्या उडीबद्दल बोललो आणि इथे त्याहून मोठ्या उड्या मांडल्या, हे तुमच्या लक्षात आलं असेल. नऊ आठवड्यांत ते गणित पुरतं बसत नाही. म्हणून १४ च्या पुढचे सगळे लाँग रन चार-एकच्याच टप्प्यांनी करा, पहिल्या मिनिटापासून, दमल्यावर नव्हे. एखाद्या सोमवारी आकडा चढला, तर पुढच्या रविवारी तेच अंतर पुन्हा, वाढ नाही. हुकलेला रविवार पुढच्या रविवारात घालून भरून काढायचा नाही. त्यातूनच तर हे सगळं सुरू झालं.

‘पण ३२ केल्याशिवाय फुल कशी होईल?’ असं ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणेलच. तुमच्या स्थितीत मला दुखऱ्या गुडघ्याने केलेल्या ३२ पेक्षा शांत गुडघ्याने केलेले २७ जास्त कामाचे वाटतात. बाकीचं अंतर चालण्याचे टप्पे निभावून नेतील. वेळ लांबेल. पहिल्या फुलला वेळेचा आकडा कोणाला सांगायचा नसतो, पुढे आयुष्यभर तो सुधारायला बरा पडतो.

निर्णय शर्यतीच्या आदल्या दिवशी घ्यायचा नाही, तेव्हा बिब (छातीवर लावायचा नंबर) हातात आलेला असतो आणि डोकं चालत नाही. तो २४ किलोमीटरच्या रविवारनंतरच्या मंगळवारी घ्या, जवळपास तीन आठवडे आधी. २४ पूर्ण झाले, धावताना तीनच्या आत राहिलं, मंगळवारी जिना एक-दोनवर आला, तर जा. २४ लंगडत झाले, किंवा चौथ्या-पाचव्या आठवड्यातही जिना चारच्या खाली उतरला नाही, तर या जानेवारीत शर्यतीत न उतरता आम्हाला दादरला टाळ्या वाजवायला या, आणि आता खरंच एखाद्या स्पोर्ट्स डॉक्टरला गुडघा दाखवा.

गेलात, तर पहाटेच्या गार हवेत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघताना सगळे सुटतील, तुम्ही चौथ्या मिनिटाला चालायला लागाल आणि मागचे लोक वळून बघतील. बघू द्या. पुलांवर आणि पेडर रोडसारख्या जागी चढ चालत चढा, आणि उतार दिसला की पाय मोकळे सोडण्याचा मोह आवरा, आखूड पावलं, मेट्रोनोमवाली. सी लिंकवर फोटो काढायला थांबलात तर थांबण्याआधी वेग हळूहळू कमी करा, गचकन ब्रेक मारू नका. शर्यत संपली की लगेच जमिनीवर बसकण मारू नका, दहा मिनिटं चालत राहा.

सोमवारी सकाळी जिना उतरताना मात्र वही घरातच ठेवा. त्या दिवशी तो आकडा सगळ्यांचाच आठ असतो, अगदी गुडघे ठणठणीत असलेल्यांचाही.